मदत हवी आहे: वकिलाला सनद मिळते, मग पोलिसाला का नाही?

नमस्कार मंडळी, नाशिकला लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये अडकलेय. विषय घरातूनच आला. चुलत बहिणीला वकिलीची सनद मिळाली, काकांनी लगेच फ्रेम करून हॉलमध्ये लावली, पेढे वाटून झाले तरी बाबा त्या फ्रेमसमोरच उभे. बाबा हवालदार म्हणून रिटायर झालेत. म्हणाले, हिने काही वाकडं केलं तर बार कौन्सिल ही काढून घेईल, मग देशात कुठल्याच कोर्टात उभं राहता येणार नाही, आमच्याकडे काय होतं तर बक्कल नंबर, तोही नोकरीबरोबर गेला. तेव्हापासून हे डोक्यातून जातच नाहीये.

वाचलं ते असं की पोलीस राज्यसूचीत, म्हणून भरती, ट्रेनिंग, शिक्षा सगळं राज्याकडे. आपल्या त्र्यंबक रोडच्या अकादमीतून पीएसआय बाहेर पडतो तो नेमणूक घेऊन, परवाना घेऊन नाही. २००६ च्या पोलीस सुधारणांवरच्या प्रकाश सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने तक्रार प्राधिकरण, बदल्या-बढत्या बघणारं आस्थापना मंडळ, तपासाचं काम कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून वेगळं करणं असं बरंच सांगितलं, पण परवान्याचा विषय त्यात नाही. कॅलिफोर्नियात १९५९ पासून पोलिसांच्या ट्रेनिंगचे निकष ठरवणारं कमिशन आहे, पण सर्टिफिकेट काढून घ्यायचा अधिकार त्याला मिळाला २०२१ च्या कायद्याने! इंग्लंड-वेल्समध्ये २०१७ पासून बडतर्फ झालेल्यांची यादी असते, त्यातल्या माणसाला दुसरं पोलीस दल घेऊ शकत नाही.

आपल्याकडे एका राज्यात काढलेला दुसरीकडे भरती होऊ नये हे कोण बघतं? आणि परवाना आला तर खालच्या शिपायाचाच बळी जाईल का? बाबांना हीच भीती वाटते. संविधानाच्या कलम ३११ मुळे चौकशीशिवाय सहसा काढता येत नाही, तेवढाच आधार.

उत्तर: ताई, आधी नियमातले दोन शब्द वेगळे कर. 'बडतर्फ' झाला तर पुढची सरकारी नोकरी साधारण बंद, नुसतं 'सेवेतून काढून टाकलं' तर ती अडत नाही. बाकी भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी होते तेवढीच चाळणी. तुझा प्रोजेक्ट या फटीवरच उभा राहील. आणि बाबांना विचार, त्यांच्या ओळखीत डीई, म्हणजे खात्याअंतर्गत चौकशी, कोणाकोणाला लागली.

धागाकर्ती: खूप आभार दादा. रात्री विचारलं. बाबांनी ताट बाजूला सारून बोटांवर मोजले, सगळे शिपाई नि नाईक निघाले. उद्या वही घेऊन बसतेय त्यांच्यासोबत.