कॅपिडचा अर्ज गेला, इंटरव्ह्यूच्या कॉलची वाट बघतेय. या दिवसांत नेमकं काय करावं?

कॉलेजरोड_बीडीएस (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकची. बीडीएस झालंय, इंटर्नशिपनंतर कॉलेज रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून काम करते. अमेरिकेतल्या अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगसाठी, म्हणजे आपल्यासारख्या बाहेरच्या बीडीएसवाल्यांना दोन-तीन वर्षांत तिथली दंतवैद्यकाची पदवी, डीडीएस किंवा डीएमडी, मिळते त्यासाठी, यंदा कॅपिडमधून (तिथल्या डेंटल कॉलेजांचं सामाईक अर्जाचं पोर्टल) अर्ज केलाय. दोन दिवसांची, ५०० प्रश्नांची आयएनबीडीई ही तिथली राष्ट्रीय दंत परीक्षा पास आहे. टोफेल झाली. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला असल्यामुळे ट्रान्सक्रिप्टसाठी बाहेरगावच्या मैत्रिणींसारखी माझी धावपळ झाली नाही, ईसीई या अमेरिकी संस्थेचं मार्कांचं मूल्यांकनही वेळेत पोहोचलं. पोर्टलवर सगळं पूर्ण दिसतंय. आणि त्यानंतर कुठूनच काही नाही.

टेलिग्रामच्या ग्रुपवर मात्र रोज कुणालातरी कॉल येतोय. कुणी स्क्रीनशॉट टाकतं, त्याखाली अभिनंदनांची रांग लागते, मीही मनापासून अभिनंदन लिहिते आणि लगेच स्वतःचा मेल उघडून बघते. तिथल्या कॉलेजांचं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे आमच्या क्लिनिकच्या ऐन गर्दीची वेळ. रूट कॅनाल चालू असतं, रबर डॅम लावलेला असतो, फाइल कॅनालमध्ये असते आणि अ‍ॅप्रनच्या खिशात फोन थरथरतो. मी ग्लोव्हज काढत नाही, काम पुरं करते, पण तेवढा वेळ जीव टांगणीला लागलेला असतो. रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नाही, कारण पूर्व किनाऱ्याचं ऑफिस तोवर चालू असतं. सकाळी आई चहा देताना काही विचारत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघते.

विचारायचं असं की कॉलेजांना मेल करून चौकशी करावी का? की त्याने उलट मत वाईट होतं? बेंच टेस्टची, म्हणजे नकली दातांवरच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी कॉल यायच्या आधीच सुरू करावी का? टायपोडॉन्ट (सरावाचा नकली जबडा) आणि दात विकत घ्यायचे तर खर्च बराच आहे आणि कॉलच आला नाही तर, हा विचार मनात येतोच. आणि क्लिनिकच्या सरांनी विचारलंय की दिवाळीनंतर तू आहेस की नाहीस. त्यांना काय सांगू?

सिन्नरची_बॉस्टनमध्ये

अगं, सगळ्यात आधी हे ऐक: अजून मेल आला नाही याचा अर्थ नकार आला असा नाही. काही कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात आणि कॉल पाठवत जातात, काही मुदत संपेपर्यंत एकही फाइल उघडत नाहीत. ग्रुपवर या दोन्ही प्रकारांची सरमिसळ होते आणि आपल्याला वाटतं सगळ्यांना आलं, मलाच नाही. मी ज्या वर्षी अर्ज केला त्या वर्षी मला पहिला कॉल गणपती उठल्यानंतर आला. मी आता शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून हे छातीवर हात ठेवून सांगते.

मेल करायचा की नाही यावर माझं मत पक्कं आहे. "माझ्या अर्जाचं काय झालं" असा मेल करू नकोस. पण "माझी फाइल तुमच्याकडे पूर्ण आहे ना" एवढं विचारणारा दोन ओळींचा मेल जरूर कर. कारण कॅपिडवर सगळं पूर्ण दिसलं तरी बऱ्याच कॉलेजांची स्वतःची वेगळी फी असते, काहींचा वेगळा फॉर्म असतो, आणि तो पोहोचल्याशिवाय ते फाइल वाचायला घेत नाहीत. एकेका कॉलेजच्या पानावर जाऊन तपास. मेलचा स्पॅमचा कप्पाही बघ. आणि मेलमध्ये डेंटपिन, म्हणजे तुझा ओळख क्रमांक, लिहायला विसरू नकोस, त्यावरूनच ते तुला शोधतात.

बेंच टेस्टसाठी थांबू नकोस. कॉल आल्यावर हातात फार दिवस नसतात, त्यात तिकीट, राहण्याची सोय, सगळंच येतं. तुझ्याकडे बी१/बी२ व्हिसा आहे का? नसेल तर मुंबईच्या अपॉइंटमेंटचं आजच बघ, कारण सगळ्यांचे इंटरव्ह्यू ऑनलाइन नसतात आणि बेंच टेस्ट तर तिथे जाऊनच द्यावी लागते.

आता दातांच्या नंबरांचं सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपण दातांचे एफडीआय पद्धतीचे नंबर शिकलो. १४ म्हटलं की आपला हात वरच्या उजव्या पहिल्या प्रीमोलरकडे जातो. अमेरिकेत १४ म्हणजे वरची डावी पहिली मोलर, आपला २६! ते वर उजवीकडच्या अक्कलदाढेपासून १ मोजायला सुरुवात करतात, डावीकडे १६, मग खाली डावीकडून १७ ते उजवीकडे ३२. आपला ३६ त्यांचा १९, आपला ४६ त्यांचा ३०, आपला ११ त्यांचा ८. परीक्षेत कागदावर नुसता नंबर लिहिलेला असतो. घाईत दुसराच दात कापला तर पुढची प्रेप (दात कोरून तयार करणं) कितीही सुंदर असो, उपयोग नाही. आजपासून क्लिनिकमध्ये प्रत्येक पेशंटचा दात मनातल्या मनात दोन्ही नंबरांनी म्हणत जा. केसपेपरवर मात्र आपलाच लिही.

सिडकोतला_डेंटिस्ट

वरच्या ताईंनी नंबरांचं सांगितलं ते सोळा आणे खरं. मी हातांबद्दल सांगतो. माझ्याकडून शिकून गेलेली काही मुलं तिकडे आहेत, त्यांची तयारी मी बघितली आहे.

आपण एअरोटरवर, म्हणजे हवेवर फिरणाऱ्या ड्रिलवर, वाढलो. जरा जास्त दाबलं की बर (ड्रिलचं टोक) मंदावतो, म्हणजे तो आपल्याला आपोआप सावरून घेतो. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांत इलेक्ट्रिक हँडपीस आहेत. तो मंदावत नाही. दाबलं की कापत सुटतो. त्यात टायपोडॉन्टचा दात प्लास्टिकचा, इनॅमलसारखा अडत नाही. ज्यांचे हात पेशंटवर उत्तम चालतात त्यांची मार्जिन (कोरलेल्या भागाची कड) तिथे खड्ड्यात जाते ती यामुळे. स्पर्श हलका करायला आठवडे लागतात, ते कॉल आल्यावर होणार नाही.

सराव कसा करायचा तेही सांगतो. एकच दात घ्या, त्यांचा १९. फुल मेटल क्राउनची (धातूच्या टोपीची) प्रेप. आधी पुट्टीचा इंडेक्स (दाताच्या मूळ आकाराचा साचा) घ्या, तो बकोलिंग्वल (गालाकडून जिभेकडे) कापून ठेवा. डेप्थ ग्रूव्ह (खोली दाखवणाऱ्या खाचा) पाडा, मगच रिडक्शन (दात कमी करणं). फंक्शनल कस्पवर (चावताना दाब घेणाऱ्या उंचवट्यावर) १.५ मिमी आहे का ते इंडेक्स लावून प्रोबने मोजा, नुसत्या नजरेवर विसंबू नका. शेजारच्या दाताला ओरखडा गेला तर परीक्षक सगळ्यात आधी तोच बघतात, म्हणून सुरुवातीला मॅट्रिक्स बँड (धातूची पातळ पट्टी) लावून सराव करा आणि नंतर बँडशिवाय. घड्याळ लावूनच बसा. दात महाग पडतात हे खरं, पण एक दात क्लास टू कॅव्हिटीला (दोन दातांमधल्या बाजूच्या खड्ड्याला) वापरून मग त्याच दातावर क्राउनची प्रेप करता येते.

सरांना खरं तेच सांगा. "अर्ज केलाय, कळलं की त्याच दिवशी तुम्हाला सांगेन, तोवर पूर्ण वेळ आहे." आपल्या गावात डेंटिस्ट लोक एकमेकांना ओळखतात, आयडीएच्या (डेंटिस्टांच्या संघटनेच्या) कार्यक्रमात कधीतरी विषय निघणारच. तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

पालक_नाशिकरोड

मुलगी गेल्या वर्षी अमेरिकेला शिकायला गेली म्हणून लिहितो. कॉल नंतर येईल, पैशांची कागदं आता तयार ठेवा. प्रवेश मिळाल्यावर जागा धरून ठेवायला जी रक्कम भरायची असते ती मोठी असते, मुदत थोडी असते आणि बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. स्टुडंट व्हिसाला लागणाऱ्या आय-२० साठी पहिल्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. आम्ही घराची कागदपत्रं, सातबारा, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट पावसाळ्यातच करून ठेवलं होतं. आणि आईवडिलांशी आकड्यांसकट बोला. मुलं आम्हाला काळजी नको म्हणून सांगत नाहीत आणि आम्हाला त्याचीच जास्त काळजी वाटते.

दुसऱ्यांदा_अर्जदार (ओझर)

मेलच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. काही नवीन घडलं असेल तर कळवावंच. मागच्या वेळी मला कुठूनच कॉल नव्हता. यंदा मी ओझर-पिंपळगाव भागातल्या शाळांमध्ये दंत तपासणी शिबिरं केली आणि त्याबद्दल छोटं पत्र पाठवलं, अर्थात ज्या कॉलेजांनी असं पत्र चालेल असं लिहिलंय त्यांनाच. त्यातल्या एकाकडून कॉल आलाय. पत्रामुळेच आला असं म्हणता येणार नाही, पण इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं त्याबद्दलच, आणि मला खूप बोलता आलं.

कॉलेजरोड_बीडीएस

सगळ्यांचे मनापासून आभार. आयएनबीडीई द्यायला गेले होते तेव्हाचा व्हिसा अजून चालू आहे, त्यामुळे ती चिंता नाही. आज सगळ्या कॉलेजांची पानं तपासली, फी आणि फॉर्म पोहोचलेले आहेत. सरांशी बोलले. ते म्हणाले, "अगं मग आधी सांगायचंस ना, संध्याकाळी दोन पेशंट कमी घे आणि सराव कर."

काका, तुमचा निरोप बाबांना वाचून दाखवला. रविवारी बसणार आहोत आकडे घेऊन.

एक विचारायचं राहिलं. इंटरव्ह्यूत "एखादी अवघड केस सांगा" असं विचारतात म्हणे. माझ्याकडे फुल माउथ रिहॅबसारखं (सगळ्या दातांचं काम) मोठं काही नाही. आमच्याकडे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले कामगार येतात, गुटख्याने तोंड आखडलेले. असलं सांगून चालेल का?

सिन्नरची_बॉस्टनमध्ये

चालेल काय, तेच सांग! ओएसएमएफ, म्हणजे हेच तोंड आखडणं, इथल्या बऱ्याच प्राध्यापकांनी पुस्तकातच बघितलाय. तू रोज बघतेस. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तुझ्या खुर्चीवर दोन बोटंसुद्धा तोंड न उघडणारा तिशीतला माणूस येतो. त्याच्या दाढेपर्यंत तू कशी पोहोचलीस, त्याचं तोंड किती मिलिमीटर उघडत होतं, व्यायामाने किती वाढलं, बायोप्सीला पाठवायचं म्हटल्यावर तो काय म्हणाला, रजा बुडते म्हणून परत आलाच नाही का, आला तर कशामुळे आला, हे सांग. मोठी केस त्यांना नको असते, तू विचार कसा करतेस ते हवं असतं. फक्त पेशंटचं नाव, कंपनीचं नाव काही घेऊ नकोस.

आणि वेळेचं ध्यानात ठेव. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतरचा इंटरव्ह्यू असेल तर इथले सकाळचे ९ म्हणजे तुझे साडेसात, साडेसहा नाहीत. पश्चिम किनाऱ्याचा असेल तर तुझे रात्रीचे साडेदहा. घरी इन्व्हर्टरवर वायफाय चालतं का ते आत्ताच बघून ठेव.

सिडकोतला_डेंटिस्ट

माझ्याकडे इलेक्ट्रिक मोटर आहे, फँटम हेडही (सरावाचं नकली डोकं) आहे. गुरुवारी दुपारी क्लिनिक बंद असतं, पवननगरच्या बाजूला. टायपोडॉन्ट आणि स्वतःचे बर घेऊन या. ओझरचे अर्जदार, तुम्हालाही यायचं असेल तर या, दोघांत सराव चांगला होतो, एकाने घड्याळ लावायचं आणि दुसऱ्याने मार्जिन तपासायची. मेसेजमध्ये पत्ता पाठवतो.

दुसऱ्यांदा_अर्जदार (ओझर)

येतो सर. माझ्याकडे १९ आणि ३० चे जादा दात आहेत, तेही आणतो.