तापी नाव ठेवायचं का? (घरचा ग्रुप)

मी: सगळ्यांनी जरा इकडे लक्ष द्या, रविवारी दादाच्या मुलीचं बारसं आहे आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा म्हणून विचारून राहिले. माझ्या मनात "तापी" आहे. आषाढ शुद्ध षष्ठीला झाली ना ती, दुसऱ्या दिवशी सप्तमी, म्हणजे तापीमाईचा जन्मदिवस, आणि तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचा मेसेज पण त्याच दिवशी या ग्रुपवर आला होता, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. पण नुसत्या हौसेने ठेवून चालत नाही, पाच वर्षांची असताना पण तिलाच ते नाव वागवायचं आणि पन्नाशीत पण, म्हणून मोकळं बोला.

पुण्याचा भाऊ: बेबीताई वाईट वाटून घेऊ नको पण पहिल्याच आठवड्यात शाळेत "डोक्याला ताप" होणार ना तिचं. आणि इकडे माझ्या ऑफिसात टी ए पी आय लिहिलं तर अर्धे लोक टॅपी वाचतील. गुगलवर पण नदीसोबत गॅसची पाइपलाइन येते, तुर्कमेनिस्तान अफगाणिस्तान पाकिस्तान इंडिया, तिचा पण शॉर्टफॉर्म तोच.

दादा: मला आवडलंय पण धाकधूक आहे. पूर्णा कसं वाटतं? हिचं माहेर मुक्ताईनगरकडचं, तिथे चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. गिरणा पण डोक्यात आलं होतं पण ते ऐकल्यावर पिठाची गिरणीच आठवते.

मोठ्या आत्या (शहादा): मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरी घेतली रे बाळा. चिडवायला पोरांना नाव लागत नाही, आडनाव पुरतं, चष्मा पुरतो. एका वर्गात तीन तीन स्वरा असल्या की त्यांना पण मोठी स्वरा, जाडी स्वरा असं काहीतरी चिकटतंच. नावापायी पोरगी खरी कोमेजते ती नावात घरच्यांची नाराजी असली की. 2011 ला तिकडे साताऱ्यात नकोशी, नकुसा अशा दोनशेच्या वर मुलींची नावं कार्यक्रम घेऊन बदलली होती, आठवतं का? त्या पोरींना कोणी हाक मारली की तू नको होतीस हेच ऐकू यायचं. तापीत तसं काही नाही. पण ताप हा शब्द त्यात आहे हे पण खरं, ते झाकू नका, तिला तीन चार वर्षांची असतानाच नदीवर न्या, सूर्याची मुलगी आहे ती हे सांगा, पोरांनी चिडवायच्या आधी तिला माहीत पाहिजे.

मोठे काका (अमळनेर): नदीचं नाव ठेवायला काही हरकत नाही. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी सगळ्या नावाच्या बाया आहेत, आपल्याकडे तापीबाई पण घरोघरी होत्या, आता ऐकू येत नाही एवढंच. मी म्हणतो तपती ठेवा. महाभारतात सूर्याची मुलगी तपती, कुरूची आई, ती आणि आपली तापी एकच मानता. शाळेत तपती आणि घरी तापी.

मी: काका दोन नावं नको, हात जोडते. मला घरात सगळे बेबी म्हणता, प्रेमाने म्हणता हे मला माहीत आहे आणि लहानपणी ते गोड पण वाटायचं. पण आज मी 47 वर्षांची आहे, माझ्या हाताखाली अकरा माणसं काम करता आणि लग्नात हॉलभर कोणी बेबी म्हणून हाक मारली की मी अजून त्या फ्रॉकमधलीच राहते. आणि दाखल्यावरचं नाव इतकं परकं की नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस कोणी त्या नावाने बोलावलं तर माझी मानच वळायची नाही. म्हणून सांगते, परी, पिहू, चिऊ ही पाळण्यातली नावं आहेत, पाळण्यात शोभता. तापीचं मला उलटं वाटतं, ते लहान बाळाला थोडं मोठं होतं, जसं वाढत्या मापाचं झबलं. पण डॉक्टर तापी म्हणा, तहसीलदार तापी म्हणा, तापी आजी म्हणा, कुठेच अडत नाही.

पुण्याचा भाऊ: हे मात्र पटलं ताई. बेबीताई म्हणायचं बंद करतो आजपासून, नुसतं ताई.

मी: जिजीचा (आजीचा) व्हॉइस मेसेज आलाय, मोठ्या काकांना नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. जिजीचा नकार आहे. म्हणते "मनी मायनं नाव शे ते", म्हणजे तिच्या आईचं नाव तापी होतं. पोर हट्ट करेल, दूध सांडेल, मग तुम्ही त्याच नावाने तिच्यावर ओरडणार, आणि ते मला ऐकवणार नाही.

मोठ्या आत्या (शहादा): हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं गं. आमच्या आजीचं, म्हणजे जिजीच्या मायचं, नाव आम्ही कधी तोंडाने घेतलंच नाही, माय म्हणायचो फक्त.

दादा: मग राहू देऊ का? काका, नाव उशिरा दिलं तर चालतं ना?

मोठे काका (अमळनेर): जन्माची नोंद 21 दिवसांत पाहिजे, ती दवाखान्यातून झाली असेल. नाव नंतर टाकता येतं, 12 महिन्यांपर्यंत फी नाही. पण टाकाल ते पक्कं करूनच टाका, आता शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचाच दाखला मागता.

वहिनी: मी सगळं वाचलं, बाळ झोपत नव्हतं म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी काल रात्री तिला मांडीवर घेऊन तिन्ही नावं अख्खी म्हणून पाहिली. पूर्णा छान आहे, पण माझ्या नावाच्या शेवटी पण णा आहे, दोन्ही एकमेकांत शिरता. तपती म्हणताना मला उन्हाळाच आठवतो. तापी माझं नाव जोडून पण सुटं ऐकू येतं. मला तापीच पाहिजे. ताई, तुमचा मान आहे पण एक मागते, नाव कानात जिजींनी सांगावं. त्यांनी स्वतः दिलं तर ते त्यांच्या आईकडून आलं असं होईल. आणि ओरडायचं असेल तेव्हा आम्ही तिला "ए पोरी" म्हणू, नाव घेऊन कोणीच ओरडायचं नाही, मी पण नाही.

मी: वहिनी मान दिला. मी पाळण्याची दोरी धरते.

मी: जिजीला फोन करून वाचून दाखवलं सगळं. बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, लुगडं नवं नेसू का तिच्या मायचं जुनं पेटीतलं काढू.

पुण्याचा भाऊ: स्पेलिंग टी, डबल ए, पी, आय करा दादा, मग टॅपी कोणी वाचणार नाही.

दादा: तेच लिहितो. शनिवारी रात्रीपर्यंत कोण कोण येताय ते कळवा, जेवणाचं सांगायचंय.