‘जमत नसेल तर घर सोडा’ म्हणणाऱ्या काकांना

अकरा_महिने
कालच्या धाग्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, ‘भाडेकरूंची संघटना कशाला, हा काय कारखाना आहे? जमत नसेल तर घर सोडा, नाशकात रिकाम्या फ्लॅटना तोटा नाही.’ तिथे चार ओळींत आवरलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा.

काका, घर सोडायचं म्हणजे टेम्पो, एजंटला महिन्याचं भाडं, नवीन डिपॉझिट आधी भरायचं आणि जुनं मिळेल तेव्हा मिळेल. सात वर्षांत माझी पाच घरं झाली. सिडकोतल्या मालकाने ४० हजारांतले २२ ‘रंगाचे’ म्हणून कापले. रंग दिलाच नाही. नंतर तिथे राहायला आलेला माझ्याच शिफ्टला आहे, म्हणून कळलं.

आता पाथर्डी फाट्याला आमच्या बिल्डिंगमध्ये १४ घरं भाड्याची. उन्हाळ्यात टँकरचा सगळा खर्च भाडेकरूंच्या माथी मारला. मग नऊ घरं एकत्र बसलो, सगळ्यांचे करार सतरंजीवर मांडले. चौघांचे नोंदलेलेच नव्हते! भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणी ही मालकाची जबाबदारी, आणि नोंदलेला लेखी करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. एवढंच कागदावर लिहून चेअरमनना दिलं. पुढच्या महिन्यापासून टँकर सगळ्यांत वाटला गेला. मी एकटा गेलो होतो तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘सोडा मग.’

दोन_फ्लॅट
ते काका मीच. अंबडला ३१ वर्षं नोकरी केली. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन २,३०० रुपये येते, त्यात गोळ्यासुद्धा भागत नाहीत. इंदिरानगरचा दुसरा फ्लॅट हीच माझी पेन्शन. मागचा भाडेकरू तीन महिन्यांचं लाईट बिल थकवून गेला, बेसिनमध्ये तंबाखूचे डाग ठेवून. त्याच्याविरुद्ध मी कुठली संघटना काढू?

अकरा_महिने
तुमच्यासाठी कलम २४ आहे की. मुदत संपून माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा, दुप्पट दराने भरपाई मागा. आम्हाला डिपॉझिट परत मिळवायला असं एक खास दार दाखवा.

दोन_फ्लॅट
कागदावर सगळं असतं. तुम्ही खेटे घातलेत का कधी?

कॉलेजरोड_नकोच
डिपॉझिटचं रडगाणं तरी आहे तुमच्याकडे. माझ्यावर ती वेळच येत नाही. फोनवर ‘आडनाव?’ विचारतात, मी सांगतो, आणि फ्लॅट ‘कालच गेलेला’ असतो. मग मित्राला फोन करायला लावतो, त्याच्यासाठी तो परत रिकामा होतो. तुमच्या सतरंजीवर यावर काही बोलणं झालं का?

अकरा_महिने
नाही झालं. खरंय.

वाड्यातली_सून
भाडेकरू बिचारे आणि मालक राक्षस असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरकारवाड्यामागे आमच्याकडे चहाला यावं. सहा बिऱ्हाडं. भाडं ४० रुपये. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे १ रुपया ६० पैसे. एका कौलाची किंमत काढा! दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस येते. मातीच्या भिंती फुगल्यात, माडीवर आम्ही कपडे वाळत घालणंही सोडलं. एकालाही ‘सोडा मग’ म्हणायची सोय नाही. २०१९च्या पुराच्या रात्री सासरे टॉर्च घेऊन जिन्यात बसून होते, भाडेकरूंची मुलं खाली आणायला. ते कुणी लिहीत नाही.

दोन_फ्लॅट
अगदी बरोबर ताई.

तिवंधा_ते_आडगाव
मी अशाच वाड्यातला भाडेकरू, तिसरी पिढी. ४० रुपयांचा हिशोब सांगता, आजोबांनी खोली घेताना मालकाला एकरकमी दिलेली पागडी कोण सांगणार? आमचे मालक म्हणाले, ‘दुरुस्तीपुरते निघा.’ आम्ही निघालो, आडगावला खोली घेतली. दुरुस्ती झालीच नाही. आता तिथे पत्रे ठोकून पार्किंग चालतं. म्हणून तुमचे भाडेकरू भिंत पडेपर्यंत हलत नाहीत, हौस नाही त्यांना.

वाड्यातली_सून
सगळे मालक तुमच्या मालकासारखे नसतात.

तिवंधा_ते_आडगाव
मग लिहून द्या. वाडा पाडला तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. नव्या बांधकामात खोली देऊ, एवढ्या दोन ओळी, सहीनिशी. उद्या सहाही बिऱ्हाडं हलतात की नाही बघा.

वाड्यातली_सून
सही आमच्या एकट्यांची नसते हो. सातबाऱ्यासारखी लांबलचक नावं आहेत वाड्याला, चुलत सासरे अमेरिकेत, आत्या बोलत नाहीत. तुम्हाला वाटतं पेन नाही आमच्याकडे?

कॉलेजरोड_नकोच
म्हणजे संघटना आधी मालकांचीच हवी. :)

अकरा_महिने
धागा भाड्याच्या फ्लॅटचा होता. वाडे, पागडी, आत्या…

तिवंधा_ते_आडगाव
तुमचे अकरा महिने आणि आमच्या तीन पिढ्या, भीती एकच. पटत नसेल तर धागा सोडा.

पंचवटी_खोली_नं_४
आमच्या मालकाने आत्ताच सांगून ठेवलंय, २०२७ला सिंहस्थात खोली रिकामी हवी, भाविकांना दिवसाच्या भाड्याने देणार. करार मागितला तर पंप बंद. पाणी तोडता येतं का असं?

अकरा_महिने
नाही. कलम २९, पाणी-वीज अत्यावश्यक पुरवठ्यात येतात. पण एकटे जाऊ नका, चाळीतल्या सगळ्यांना घ्या. रविवारी या आमच्याकडे, कागद घेऊन.

दोन_फ्लॅट
माझा करार नोंदलेला आहे का बघायला मीही येऊ, की मालकांना मज्जाव?

अकरा_महिने
या. सतरंजीवर बसावं लागेल.

दोन_फ्लॅट
गुडघे दुखतात. खुर्ची ठेवा.

वाड्यातली_सून
आज नोटीस आली. पहिल्या बिऱ्हाडातल्या आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे घडी केली, खिशात ठेवली आणि ४१ रुपये ६० पैसे हातावर ठेवले.

कॉलेजरोड_नकोच
साठ पैसे सुट्टे आणले कुठून?