मदत हवी आहे: जुन्या ट्रकचं चार्जिंग बॅटरीपर्यंत पोचेना

मंडळी, गाडी जुनी, २४ व्होल्टची, म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. कोल्हापूरच्या शाहूपुरीतनं गूळ भरून रात्री कोकणात उतरतो. गगनबावड्याच्या पुढं हेडलाईट पिवळट पडतात आणि सकाळी सेल्फ नुसता टक्‌ करून गप्प बसतो.

उद्यमनगरातले एक मिस्त्री म्हणतात, डायनामो गेला, नवीन टाका. मला काय ते पटेना. बेल्ट ताठ आहे, डायनामोतले कार्बन ब्रश नवे आहेत. हेडलाईट लावून, रेस थोडी वाढवून मीटर लावला: डायनामोच्या जाड बोल्टावर २८.२ व्होल्ट, बॅटऱ्यांच्या टोकांवर जेमतेम २६. डायनामोची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह जवळजवळ शून्य, म्हणजे अर्थिंग ठीक. मग हे दोन व्होल्ट पॉझिटिव्ह वायरीतच कुठंतरी खाल्ले जातायत ना? आमच्यात ती वायर केबिनमधल्या अँपिअर मीटरमधून फिरून येते. मीटरमागचा एक लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) काळा पडलाय, वायरीचं प्लास्टिक वितळून कडक झालंय. माझा संशय तिथंच.

आणखी एक भानगड. आधीच्या ड्रायव्हरनं १२ व्होल्टचा टेप एकाच बॅटरीवरनं ओढलाय (गाणी मात्र झकास वाजतात). इंजिन बंद असताना ती बॅटरी १२.१ दाखवते, दुसरी १२.७. दुसरीचं पाणी सारखं आटतं. टेपला २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावणारच आहे, पण या दोन बॅटऱ्या आता जोडीनं चालतील का?

आणि अँपिअर मीटर बाजूला ठेवून डायनामोपासून बॅटरीपर्यंत थेट वायर टाकली तर चालेल का? किती जाडीची, आणि फ्यूज कुठल्या टोकाला? कुणी केलं असेल तर सांगा राव.