न्यूरल डिफरन्शिएशनमध्ये सॉक्स२ खाली का येत नाहीये?

विश्रामबाग_बायोटेक:
सांगलीत एमएस्सी करतेय, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय ह्युमन एम्ब्रियॉनिक स्टेम सेल (माणसाच्या भ्रूणातल्या, कुठल्याही प्रकारच्या सेल होऊ शकणाऱ्या). जिथं बघावं तिथं एकच, डिफरन्शिएशन (स्टेम सेलचं ठराविक प्रकारच्या सेलमध्ये बदलणं) सुरू झालं की ऑक्ट४, सॉक्स२, नॅनॉग ही स्टेम सेलची स्थिती टिकवणारी तिन्ही जीन खाली जातात. मी पब्लिक डेटा घेऊन ग्राफ काढले तर न्यूरलवाल्या (चेतासंस्थेकडं जाणाऱ्या) सेटमध्ये ऑक्ट४ पार आपटलाय पण सॉक्स२ हलायला तयार नाही, आणि एंडोडर्मवाल्यात (आतडं, यकृत ज्यातून होतं तो थर) पहिले काही दिवस नॅनॉग वरच. डेटा गंडलाय का? मॅडमनी विचारलं तर काय सांगू?

कराडकर:
डेटा बरोबरै ताई. स्टेम सेलमध्ये ते तिघं मिळून काम करतात म्हणून ते एकत्रच जाणार असं थोडीच आहे. न्यूरल प्रोजेनिटरला (न्यूरॉन ज्यातून होतात त्या सेलला) सॉक्स२ लागतोच, त्यामुळं तिकडं जाताना तो राहतो आणि जोडीला पॅक्स६, सॉक्स१ ही न्यूरल जीन चढतात, ते बघ चढलेत का. एंडोडर्मकडं उलटं, सॉक्स२ पडतो, आधी ब्रॅक्युरी आणि ईओमेस ही सुरुवातीची जीन येतात मग एंडोडर्मची सॉक्स१७, फॉक्सए२. नॅनॉगचं म्हणशील तर एंडोडर्म करायला ॲक्टिव्हिन ए (सिग्नल देणारं प्रोटीन) भरपूर घालतात आणि तेच ॲक्टिव्हिन स्मॅड२/३ या सिग्नल पोचवणाऱ्या प्रोटीनमार्फत नॅनॉगला धरून ठेवतं, वर नॅनॉग ईओमेस चालू करायलाही मदत करतो, म्हणून तो उशिरा जातो. "प्लुरिपोटन्सी जीन बंद" (प्लुरिपोटन्सी म्हणजे कुठलीही सेल होण्याची क्षमता) एवढं एका ओळीत लिहिणारे हे सगळं गाळतात, वैताग आहे नुसता.

हळदीचा_सौदा:
बल्क आरएनए सीक्वेन्सिंग (सगळ्या सेलचा आरएनए एकत्र मोजणं) आहे का सिंगल सेल (एकेक सेल वेगळी) ते आधी बघा. बल्क म्हणजे दोन लॉटची हळद एकत्र ओतून एकच भाव काढल्यासारखं, निम्म्या सेल डिफरन्शिएटच झाल्या नसतील तरी ग्राफ निम्म्यावर आलेला दिसणार. पण तुमचा ऑक्ट४ पार गेलाय म्हणजे न्यूरलच्या सेटला ही शंका कमी. आणि क्यूपीसीआर (एकेका जीनचा आरएनए मोजायची पद्धत) असेल तर तुलनेला स्थिर धरतात त्या नुसत्या जीएपीडीएच जीनवर नॉर्मलाइज करू नका, डिफरन्शिएशनमध्ये तोही हलतो.

सातारा_लॅब:
वरच्या दोघांशी सहमत. एक स्लाइड बायव्हॅलेंट क्रोमॅटिनची टाक (क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि तो ज्यावर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रोटीन), डेव्हलपमेंटच्या बऱ्याच जीनवर स्टेम सेलमध्येच हिस्टोनच्या एच३के४ आणि एच३के२७ या जागांवरची ट्रायमिथाइल खूण एकाच वेळी असते, पहिली चालू करणारी, दुसरी पॉलिकोंब प्रोटीनची, दाबून ठेवणारी. २००६ ला उंदराच्या सेलमध्ये दाखवलं, नंतर माणसाच्यातही दिसलं. सिग्नल आला की लायनेजप्रमाणं (सेल कुठल्या प्रकाराकडं चाललीय त्याप्रमाणं) एक खूण जाते. १९९८ चे थॉमसन (माणसाच्या या स्टेम सेल पहिल्यांदा वेगळ्या काढणारे) सगळेच टाकतात, त्यात मार्क नाहीत.

विश्रामबाग_बायोटेक:
भारी, पॅक्स६ खरंच चढलाय! मग ऑक्ट४ तरी कायमचा बंद ना?

कराडकर:
आपोआप परत येत नाही, त्याच्या प्रमोटरवर (जीन जिथून चालू होतं त्या भागावर) डीएनए मिथायलेशन, म्हणजे बंद ठेवणारी खूण, बसतं. पण जपानी संशोधक यामानाकांनी २००७ ला माणसाच्या स्किन सेलमध्ये ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४, सी-मिक बाहेरून घातले तर सेलचा स्वतःचा ऑक्ट४ परत चालू झाला. मॅडम हे विचारतीलच बघ.