मदत हवी आहे: नववीच्या मार्कांचे क्रेडिट्स कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी, नवऱ्याची पुण्याहून कमिन्समध्ये बदली झाल्याने आम्ही इंडियानातल्या कोलंबसला आलोय, गाव छोटंसं पण छान आहे, प्रश्न आहे लेकाच्या पब्लिक हायस्कूलचा. तो तिकडे स्टेट बोर्डाची नववी पास झालाय, इथे दहावीत जायचंय. पण इथे पास-नापासापेक्षा क्रेडिट्सचा हिशोब, एका विषयाच्या एका सेमिस्टरला एक क्रेडिट, आणि २०२९ ला पास होणाऱ्या बॅचपासून डिप्लोमाला (म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या सर्टिफिकेटला) किमान ४२ लागतात. आपल्या मार्कशीटवर नुसतं गणित भाग १, भाग २ आणि विज्ञान. इथे अल्जेब्रा, जॉमेट्री एकेक वर्ष वेगळे, बायोलॉजी-केमिस्ट्रीही वेगवेगळं. काउन्सिलर बाई गोड बोलतात पण म्हणतात अल्जेब्रा १ पासून बसवू, आणि पोरगं तर बीजगणितात पक्कं आहे हो!

कुणी जुन्या शाळेकडून सिलॅबस, तासांचा हिशोब असं पत्र लिहून आणलंय का? प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या लेव्हलला बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) मागितली तर घेतात का? मराठी-हिंदीचे क्रेडिट वर्ल्ड लँग्वेजमध्ये, म्हणजे इथल्या परभाषा विषयात, धरून घेतलेत का कुणी? लसींचं कार्ड दिलंय, ते सोडा. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, त्यामुळे जरा लवकर सांगा प्लीज.