एज ऑफ एम्पायर्स: खेळ भारी की आपले जुने दिवस?

रानडुक्कर (धागाकर्ता)
परवा धाकट्या भावानं विचारलं, "अजून तोच गेम?" एज ऑफ एम्पायर्स म्हणजे गाव वसवून सैन्य उभारायचं आणि लढायचं असा कॉम्प्युटर गेम, त्याचा दुसरा भाग १९९९ चा. मी हॉस्टेलवर २००३ साली पहिल्यांदा खेळलो, चार कॉम्प्युटर एका हबला जोडून. आजही आठवड्यातून दोनदा होतोच.

माझ्या मते यात जुन्या दिवसांचा उमाळा थोडा, खेळाचा गुण जास्त. पहिली दहा मिनिटं घ्या. तीन व्हिलेजर, म्हणजे कामाचे गडी, आणि एक घोडेस्वार स्काउट, म्हणजे टेहळ्या. आधी मेंढ्या हुडकायच्या. त्या संपत आल्या की एका गड्यानं रानडुकराला बाण मारायचा आणि ते मागे लागलं की टाउन सेंटरकडे, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीकडे, धूम ठोकायची. नीट आणलं तर ३४० अन्न. जरा चुकलं की गडी खलास, आणि लगेच मित्राचं ११ नंबरचं खदाखदा हसणं (गेमच्या चॅटमध्ये ११ टाकलं की तो हशा वाजतो). वीस वर्षं झाली, डुक्कर मागे लागलं की मी अजून खुर्चीत पुढे सरकतो.

चहाबाज
नॉस्टॅल्जिया हो, दुसरं काय! तेव्हा शेत संपलं की हातानं पुन्हा पेरावं लागायचं. २००० च्या कॉन्करर्स या पुरवणीत गिरणीवर आगाऊ पेरण्या लावायची सोय आली. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीत तर शेतं आपोआप पेरली जातात, स्काउटही स्वतःच हिंडतो. एवढं बदलूनही तुम्हाला मजा तेवढीच येते, म्हणजे ती खेळात नाही, हॉस्टेलात आहे.

रानडुक्कर
उलट! पेरणी ही निव्वळ हमाली होती, ती गेली ते बरंच झालं. डुक्कर अजून आपणच आणायचं असतं.

तिसराच_भारी
धाग्याला नाव अख्ख्या मालिकेचं आणि कौतुक एकाच भागाचं? २००५ चा तिसरा भाग दिसायला कितीतरी देखणा. मायदेशातून कुमक मागवायची ती पत्त्यांची भानगड मला तर फार आवडली.

रानडुक्कर
देखणा आहे, वादच नाही. पण तिसऱ्यात गडी लाकूड तोडतो आणि ते जागच्या जागी जमा! वाहून आणणं नाहीच. दुसऱ्यात लाकडाची वखार झाडांना चिकटून टाकली की चार पावलं वाचतात, आणि तीच चार पावलं पंधराव्या मिनिटाला तुमचे घोडेस्वार आधी निघणार की समोरच्याचे हे ठरवतात. मी हरतो तेव्हा बहुतेक वेळा वखारीपाशीच हरलेलो असतो, लढाई नंतरची. ते हिशेब काढून घेतल्यावर मला त्यात करमेना. माझी मालिका म्हणजे दुसरा भाग, हे मान्य.

देवगिरीकर
थोडं अवांतर. दुसऱ्या भागाच्या २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या पुरवणीत खेळायला बंगाली, द्रविड, गुर्जर आले, जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले. राजेंद्र चोळाची मोहीमसुद्धा आहे. शिवकाळ यात बसत नाही, समजू शकतो. पण यादव तर अगदी त्याच काळातले ना? त्यांना स्वतंत्र जागा नाही. आपलं कोणी नसताना एवढा जीव कसा जडतो लोकांचा?

रानडुक्कर
यादव हवेतच, जोरदार अनुमोदन. पण आम्ही हॉस्टेलवर ब्रिटन घेऊन लांब पल्ल्याचे तिरंदाज नाचवायचो, तेव्हा कुणाला 'आपलं' आठवत होतं! आणि चहाबाज, तुमच्यासाठी एक पुरावा. माझी भाची तेरा वर्षांची. हब म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही. दिवाळीत तिला खेळायला बसवलं. डुकरानं तिचे लागोपाठ दोन गडी मारले. चिडली, आणि म्हणाली, "परत पहिल्यापासून." तिला कुठलं आलंय हॉस्टेल?

चहाबाज
मामा शेजारी बसला होता ना? मग ती मामासाठी खेळली. मामा घरात नसताना तिनं आपणहून गेम लावला, तर मी माझे शब्द मागे घेतो.

रानडुक्कर
हं. तसं अजून झालेलं नाही, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात ती राहायला येतेय. मी मुद्दाम दोन तास भाजी आणायला जाईन.